पर्माफ्रॉस्ट, त्यात साठलेला कार्बन आणि त्यातून निघणारे वायू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पर्माफ्रॉस्ट म्हणजे बर्फच ना?

नाही. पर्माफ्रॉस्ट म्हणजे जमीनच: माती, वाळू, दगडगोटे, पीट (पाणथळ जागी साचलेला, अर्धवट कुजलेला पाला), अगदी सलग खडकसुद्धा. अट एकच, सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ तिचं तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं नसावं. त्यात बर्फ असेलच असं नाही. कोरड्या खडकात तो नावालाही नसतो, तर सायबेरियातल्या काही मातीत निम्म्याहून जास्त भाग बर्फाचाच असतो. जमिनीत बर्फ किती आहे यावर पुढचं बरंच काही ठरतं, म्हणून हा फरक सुरुवातीलाच सांगितलेला बरा.

या गोठलेल्या जमिनीच्या डोक्यावर एक पातळ थर असतो. तो दर उन्हाळ्यात मोकळा होतो आणि थंडीत पुन्हा गोठतो. त्याला सक्रिय थर म्हणतात. कुठे तो वीतभर-हातभर असतो, कुठे दोन मीटरपर्यंत जातो. झाडांची मुळं, किडे, बुरशी, सगळा संसार एवढ्याशा जागेत. त्याखाली मात्र हजारो वर्षं ऊन पोचलेलं नाही.

तो किती खोल जातो?

याचं उत्तर शोधायला सायबेरियातल्या याकुत्स्क शहरात एका माणसाने खरोखर विहीर खणली. फ्योदोर शेर्गिन नावाच्या व्यापारी कंपनीच्या अधिकाऱ्याला पाणी हवं होतं. १८२८ पासून बरीच वर्षं खोदकाम चाललं, खड्डा ११६ मीटरवर गेला, पण पाणी लागलं नाही आणि गोठलेली जमीनही संपली नाही. पुढे १८४० च्या दशकात मिडेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने त्याच विहिरीत वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजलं, आणि पर्माफ्रॉस्टच्या शास्त्राची पायाभरणी त्या कोरड्या विहिरीत झाली. आज माहीत असलेला सर्वांत खोल पर्माफ्रॉस्ट याकुतियात, म्हणजे याकुत्स्कच्याच प्रांतात आहे, सुमारे दीड किलोमीटर.

जगात तो कुठे कुठे आहे?

सायबेरिया, अलास्का, कॅनडाचा उत्तर भाग, ग्रीनलँडचे बर्फाखाली नसलेले किनारे, स्कँडिनेव्हियाचा थोडा भाग, आणि उंचावर तिबेटचं पठार. उत्तर गोलार्धातल्या उघड्या जमिनीपैकी सुमारे १५ टक्के जमिनीखाली तो आहे. रशियाच्या तर निम्म्याहून अधिक भूभागाखाली. उत्तरेकडे तो सलग पसरलेला असतो. दक्षिणेकडे यावं तसा तो तुटक होत जातो, शेवटी नुसते ठिगळांसारखे तुकडे उरतात. हेच तुकडे शून्याच्या अगदी जवळ असल्यामुळे आधी जातात.

पर्माफ्रॉस्ट «वितळतो» असं म्हणणं बरोबर आहे का?

काटेकोरपणे पाहिलं तर नाही. वितळतो तो बर्फ. जमीन वितळून वाहून जात नाही, तिची गोठण सुटते. मराठीत दोन्हीला आपण वितळणंच म्हणतो आणि त्यात मोठं पाप नाही. पण त्या एका शब्दामुळे डोळ्यांसमोर हिमनदीसारखं चित्र उभं राहतं आणि खरी गोष्ट निसटते. गोठण सुटल्यावर माती जागच्या जागी असते, फक्त तिच्यातलं जीवन पुन्हा सुरू होतं. म्हणून इथे पुढे बहुतेक ठिकाणी गोठण सुटणं हाच शब्द ठेवला आहे.

इतक्या थंड प्रदेशात झाडंच कमी. मग मातीत एवढा कार्बन आला कुठून?

झाडं कमी आहेत, पण कुजणं त्याहून कमी आहे. उष्ण प्रदेशात पान गळलं की काही महिन्यांत त्याचं मातीत रूपांतर होतं आणि त्यातला बहुतेक कार्बन हवेत परत जातो. टुंड्रात, म्हणजे उत्तरेकडच्या मोठी झाडं नसलेल्या थंड माळावर, लहानशा उन्हाळ्यात गवत, शेवाळं, खुरटी झुडपं वाढतात, मरतात, आणि सूक्ष्मजीवांनी ते संपवायच्या आतच थंडी येते. दरवर्षी थोडं शिल्लक राहतं. ही शिल्लक हजारो वर्षं साठत गेली.

ही शिल्लक खोल जाते ती तीन वाटांनी. पहिली वाट पीटची. पाणथळ जागी मेलेली शेवाळं एकावर एक साचतात, वर्षाला जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर. थर जाड झाला की खालचा भाग उन्हाळ्यातही मोकळा होत नाही आणि पर्माफ्रॉस्टमध्ये सामील होतो. दुसरी वाट मातीच्या घुसळणीची. दरवर्षी गोठताना जमीन फुगते, सुटताना बसते. या हालचालीत वरचा काळा, सेंद्रिय भाग खाली ओढला जातो. अशा जमिनीचा उभा छेद घेतला तर काळे पट्टे सरळ आडवे दिसत नाहीत, नागमोडी वळलेले, मध्येच तुटलेले दिसतात.

तिसरी वाट येडोमाची. मला ती सगळ्यांत विलक्षण वाटते. हिमयुगात सायबेरिया आणि अलास्काच्या मोठ्या भागावर हिमनद्या नव्हत्या. तिथे गवताळ माळ होते, त्यावर मॅमथ, बायसन आणि घोडे चरायचे. वाऱ्याने आणि पाण्याने आणलेली बारीक धूळ वर्षानुवर्षं या गवतावर बसत राहिली. जमीन वर वर सरकत गेली आणि तिच्यापाठोपाठ पर्माफ्रॉस्टही वर सरकत आला. गवताची मुळं कुजायच्या आत गोठून बसली. याच थरांना येडोमा म्हणतात, आणि काही ठिकाणी ते पन्नास मीटर जाडीचे आहेत. सायबेरियात कोलिमा नदीकाठी दुवान्नी यार नावाचा कडा आहे, तिथे नदीने हे थर कापून उघडे केले आहेत. राखाडी चिखलात केसासारखी बारीक मुळं अजून जशीच्या तशी दिसतात, आणि चिखलाच्या खांबांमध्ये बर्फाच्या उंचच उंच पाचरी उभ्या असतात. माती उन्हात सुटायला लागली की कुजक्या शेणासारखा वास येतो. तीस हजार वर्षांपूर्वीच्या गवताचा वास.

तिथेच जमिनीखाली ३८ मीटरवर खारीच्या बिळात सापडलेल्या सायलीन स्टेनोफिला या वनस्पतीच्या फळांतल्या पेशींपासून रशियन शास्त्रज्ञांनी रोपं वाढवली. ती फळं सुमारे ३२,००० वर्षं जुनी होती आणि रोपांना पांढरी फुलं आली. हे काम २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. गोठण सेंद्रिय पदार्थ किती शाबूत ठेवते, याचा याहून ठळक पुरावा मला माहीत नाही.

नेमका किती कार्बन आहे?

उत्तरेकडच्या पर्माफ्रॉस्ट प्रदेशातल्या मातीत आणि गाळात मिळून सुमारे १,४६० ते १,६०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे, असा सध्याचा अंदाज. त्यातला साधारण १,००० अब्ज टन वरच्या तीन मीटरमध्येच आहे. आज संपूर्ण वातावरणात कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने जेवढा कार्बन आहे, त्याच्या जवळपास दुप्पट हा साठा भरतो.

इथे दोन गोष्टी जपून वाचायला हव्यात. एक, हा आकडा कार्बनचा आहे, कार्बन डायऑक्साइडचा नाही. एक टन कार्बन जळला किंवा कुजला की सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो. बातम्यांमध्ये या दोन आकड्यांची सर्रास सरमिसळ होते आणि एकच गोष्ट कधी चौपट मोठी, कधी चौपट लहान दिसते. दोन, हा सगळा साठा बाहेर येणार आहे असा याचा अर्थ नाही. बराचसा भाग खोल आहे, थंड आहे किंवा खनिजांना चिकटलेला आहे.

गोठण सुटल्यावर मातीत काय घडतं?

शून्याखाली सूक्ष्मजीव मेलेले नसतात. मातीच्या कणाभोवती पाण्याचा अतिसूक्ष्म पापुद्रा उणे तापमानातही द्रव राहतो आणि त्यात काही जीव अगदी मंद गतीने जगत राहतात. तापमान शून्याजवळ आलं, पाणी मोकळं झालं, की त्यांच्यापुढे न कुजलेला पाला, मुळं, मेलेल्या पेशी असा सगळा साठा उघडा होतो.

हवा असेल तर जिवाणू आणि बुरशी तो पदार्थ ऑक्सिजन वापरून खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. आपण श्वास सोडतो तसंच ते. हवा नसेल, म्हणजे माती पाण्याने गच्च भरलेली असेल, तर काम टप्प्याटप्प्याने होतं. आधी काही जिवाणू मोठे रेणू तोडतात. दुसरे ते आंबवून ॲसिटेट, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतात. मग येतात मिथेन बनवणारे आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखेच पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव. ते ॲसिटेट तोडून किंवा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड जोडून मिथेन तयार करतात. भातखाचरात आणि गुरांच्या पोटात हेच चालतं. स्वीडनमधल्या स्टोर्डालेन या दलदलीत, जिथे पर्माफ्रॉस्ट खचून पाणी साचलं आहे, तिथे अशा आर्कियांची आधी कोणाला माहीत नसलेली एक जात सापडली आणि २०१४ मध्ये तिला त्या जागेचंच नाव मिळालं.

यात वेळेचा मुद्दा महत्त्वाचा. ताज्या सुटलेल्या खोल मातीत मिथेन बनवणारे जीव सुरुवातीला फारच थोडे असू शकतात. सायबेरियातल्या लेना नदीच्या मुखाजवळची माती प्रयोगशाळेत बंद बाटल्यांमध्ये तब्बल सात वर्षं ठेवून पाहिली गेली. काही बाटल्यांमध्ये सुरुवातीला मिथेन जवळजवळ नव्हताच. या जीवांनी जम बसवल्यावर मात्र तो भरपूर निघू लागला. आधीचे बरेच प्रयोग काही महिन्यांतच थांबवले जात. एका मोसमात मिथेन दिसला नाही म्हणून तो नाही असं समजणं किती धोक्याचं आहे, हे त्या बाटल्यांनी दाखवलं.

कार्बन डायऑक्साइड निघणार की मिथेन, हे कोण ठरवतं?

पाणी. या विषयात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही. तापमान दार उघडतं, पण दारातून काय बाहेर येणार ते पाणी कुठे साचतं आणि कुठून निघून जातं यावर ठरतं.

सपाट टुंड्रावर बर्फाच्या पाचरींमुळे जमिनीवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बहुकोनी नक्षी पडलेली असते. एकेक बहुकोन दहा-वीस मीटर रुंद. त्याची कड जरा उंच आणि कोरडी, मध्यभाग खोलगट आणि ओला. कडेवर उभं राहिलं तर पायाखालून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड निघतो. चार पावलं आत जाऊन घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहिलं तर मिथेन. माती तीच, हवामान तेच, फरक फक्त पाण्याचा. उद्या त्या पाचरी वितळल्या, कडा खचल्या आणि पाण्याला वाट मिळाली, तर मध्यभाग कोरडा पडून सगळा हिशोब उलटा होईल. म्हणूनच उपग्रहावरून मोठमोठे चौकोन बघणाऱ्या संगणकावरच्या गणिती प्रारूपांना ही जमीन नीट पकडता येत नाही.

तयार झालेला सगळा मिथेन हवेत पोचतो असंही नाही. पाण्याच्या पातळीच्या वर थोडी जरी हवेशीर माती किंवा शेवाळं असली तरी तिथे मिथेन खाणारे जिवाणू बसलेले असतात. ते त्याचा मोठा भाग वाटेतच संपवून कार्बन डायऑक्साइड करतात. त्यांना चकवते ती लव्हाळी. लव्हाळ्यांची मुळं चिखलात असतात आणि त्यांच्या देठात हवेच्या पोकळ नळ्या असतात. या नळ्या मुळांना ऑक्सिजन देण्यासाठी असतात, पण त्याच वाटेने चिखलातला मिथेन धुराड्यातून निघावा तसा थेट वर जातो. त्यामुळे एखाद्या जागी लव्हाळी वाढली आहेत की नुसती शेवाळं, हे पाहूनही अनुभवी माणूस मिथेनचा अंदाज बांधतो.

मग ओली जमीन जास्त वाईट की कोरडी?

मिथेनचं नाव मोठं असल्याने लोकांना ओली वाटते. पण पर्माफ्रॉस्टच्या मातीवर झालेल्या अनेक प्रयोगांचा एकत्र हिशोब केला तेव्हा हवेशीर स्थितीत सुमारे ३.४ पट जास्त कार्बन बाहेर पडलेला दिसला. मिथेनचा तीव्र परिणाम धरूनही बहुतेक ठिकाणी कोरड्या वाटेचं पारडं जड ठरलं. सात वर्षांच्या बाटल्यांनी हा फरक बराच कमी केला, आणि माझ्या मते वाद अजून मिटलेला नाही. मिथेनच्या बातम्यांमागे धावताना कार्बन डायऑक्साइड विसरू नये, एवढं मात्र पक्कं.

मिथेन नेमका किती तीव्र आहे?

वजनाला वजन लावलं तर हवेत उष्णता अडवण्याच्या बाबतीत तो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट, वीस वर्षांच्या हिशोबात ८० पटींच्या आसपास. तो हवेत साधारण एक तप टिकतो, नंतर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. कार्बन डायऑक्साइडचा काही भाग मात्र हजारो वर्षं हवेत राहतो.

आणि नायट्रस ऑक्साइड?

उष्णता अडवणारा हा तिसरा वायू, मातीतल्या नायट्रोजनपासून बनणारा, फार काळ दुर्लक्षित राहिला. थंड मातीत वापरायोग्य नायट्रोजन कमी, म्हणून तो नगण्यच असणार असं धरलं जायचं. २००९ मध्ये रशियाच्या युरोपीय टुंड्रातल्या उघड्या, वनस्पती नसलेल्या पीटच्या चकत्यांवर मोजमाप झालं तेव्हा उष्ण कटिबंधातल्या मातीशी तुलना होईल इतका नायट्रस ऑक्साइड निघताना दिसला. झाडं नसतील तर नायट्रोजन उचलायला कोणी नसतं, तो सूक्ष्मजीवांच्याच वाट्याला येतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तीव्र आहे.

तळ्यांमधून पेटणारे बुडबुडे निघतात, ते खरं आहे का?

खरं आहे. बर्फाने भरलेली जमीन सुटली की बर्फाच्या जागी पोकळी होते, जमीन खचते, खड्ड्यात पाणी साचतं आणि तळं तयार होतं. पाणी उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे तळ्याखालची जमीन हिवाळ्यातही गोठत नाही आणि वर्षाचे बाराही महिने सुटत जाते. तळाशी हवा नसते. मिथेन बनण्यासाठी यापेक्षा सोयीची जागा नाही.

थंडीच्या सुरुवातीला अशा तळ्यावर काळा, पारदर्शक बर्फ धरतो तेव्हा खालून आलेले बुडबुडे त्यात अडकतात. पांढऱ्या तबकड्या एकावर एक रचल्यासारख्या दिसतात. जिथून गॅस जोरात येतो तिथे बर्फ धरतच नाही, भोक उघडं राहतं. बर्फ फोडून काडी लावली की माणसाच्या उंचीहून मोठी ज्वाळा उठते. अलास्कातल्या संशोधक केटी वॉल्टर अँथनी यांनी असे बुडबुडे वर्षानुवर्षं मोजले. सायबेरियाच्या तळ्यांतल्या मिथेनचं वय कार्बन-१४ वरून (ठरावीक वेगाने कमी होत जाणाऱ्या कार्बनच्या प्रकारावरून) ३५ ते ४३ हजार वर्षं निघालं, हे त्यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलं. म्हणजे तो गॅस तळ्यात पडलेल्या यंदाच्या पाल्याचा नव्हता, येडोमाचा होता.

गोठण हळूहळू सुटते की एकदम?

दोन्ही. सर्वत्र सक्रिय थर दरवर्षी थोडा थोडा खोल जातो, सेंटिमीटरच्या हिशोबात. हवामानाच्या प्रारूपांत मुख्यतः हेच धरलेलं असतं. पण जिथे बर्फ भरपूर आहे तिथे जमीन काही दिवसांत किंवा काही वर्षांत कित्येक मीटर कोसळते. उतारावर चिखल घसरतो, नदीकाठ खचतो, जंगलातली झाडं वाटेल तशी कलतात.

याचं सर्वांत मोठं उदाहरण याकुतियातलं बाटागाय. १९६० च्या दशकाच्या आसपास तिथलं जंगल तोडलं गेलं, सावली गेली, एक घळ पडली. आज तो सुमारे एक किलोमीटरचा खड्डा आहे आणि त्याचा कडा दर उन्हाळ्यात मागे सरकतो. तळाशी उघडी पडलेली गोठलेली माती सुमारे साडेसहा लाख वर्षं जुनी आहे. ती मधल्या अनेक उष्ण काळांतून गोठलेलीच राहिली होती, आणि एका जंगलतोडीने उघडी पडली. मला हे वाचून अजूनही अस्वस्थ व्हायला होतं.

अशी एकदम सुटणारी जमीन एकूण पर्माफ्रॉस्टच्या २० टक्क्यांहून कमी आहे. पण २०२० मध्ये आलेल्या एका अभ्यासानुसार, तिच्यामुळे कार्बनचं एकूण उत्सर्जन नुसत्या हळूहळू सुटण्याच्या तुलनेत जवळपास निम्म्याने वाढू शकतं.

ऊब वाढली की झाडंही वाढतील. ती हा कार्बन शोषून घेणार नाहीत का?

काही काळ घेतात. अलास्कात एट माइल लेक इथे शेजारशेजारच्या तीन जागांचा अभ्यास झाला: एक जवळपास शाबूत, एक गेल्या पंधराएक वर्षांत सुटलेली, एक त्याच्याही कितीतरी आधी सुटलेली. मधल्या जागेत झुडपं जोमाने वाढली होती आणि ती जागा हवेतून कार्बन ओढत होती. सर्वांत जुन्या जागेतही झाडं वाढली होती, पण खालून निघणारा जुना कार्बन इतका होता की एकूण हिशोब तुटीत गेला. हे निष्कर्ष २००९ चे आहेत. पहिली काही वर्षं पाहून कोणी म्हणेल की सगळं छान चाललं आहे, पण त्यानंतरची दशकं तसं म्हणू देत नाहीत.

हिशोबही सोपा आहे. खालचा साठा हजारो वर्षांचा, वरची झाडं एका पिढीची. शिवाय झुडपं वाढली की त्यांत हिम अडकतो. हिमाची जाड गोधडी हिवाळ्याची थंडी जमिनीपर्यंत पोचू देत नाही आणि माती आणखी उबदार राहते.

हिवाळ्यात तरी हे सगळं बंद पडत असेल?

बरीच वर्षं असंच समजत होते, कारण हिवाळ्यात तिथे जाऊन मोजणारेच थोडे होते. शरद ऋतूत सक्रिय थर वरून आणि खालून गोठत येतो, पण मधली ओली माती कित्येक आठवडे बरोबर शून्यावर अडकून राहते. पाणी गोठताना जी उष्णता सोडतं ती तिला त्याखाली जाऊ देत नाही. वर बर्फ, अंधार, उणे वीस अंशांची हवा, आणि आत सूक्ष्मजीवांचं काम चालूच. अलास्काच्या टुंड्रात मोजलं तेव्हा वर्षभराच्या मिथेनपैकी किमान निम्मा थंडीच्या महिन्यांतला निघाला.

कार्बन डायऑक्साइडचंही तेच. २०१९ च्या एका मोठ्या संकलनानुसार ऑक्टोबर ते एप्रिल या काळात पर्माफ्रॉस्ट प्रदेशातून सुमारे १.७ अब्ज टन कार्बन निघतो, आणि उन्हाळ्यात वनस्पती शोषतात तो प्रारूपांच्या अंदाजाने एक अब्ज टनांच्या आसपास.

वणव्यांचा यात काय संबंध?

टुंड्रात आणि उत्तरेकडच्या जंगलात जमिनीवर शेवाळं आणि पीटचा जाड थर असतो. उन्हाळ्यात तो खालच्या जमिनीला छपरासारखा जपतो. वणव्यात झाडांपेक्षा हा थर जळणं जास्त नुकसानीचं. त्यातला कार्बन तर तेव्हाच जातो, शिवाय काळी, उघडी जमीन ऊन पिते आणि पुढची अनेक वर्षं गोठण खोलवर सुटत राहते. काही आगी पीटमध्ये धुमसत संपूर्ण हिवाळा हिमाखाली काढतात आणि वसंतात पुन्हा पेटतात.

मग आज हा प्रदेश कार्बन शोषतोय की सोडतोय?

जागेगणिक उत्तर वेगळं. अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या २०२४ च्या आर्क्टिक अहवालात म्हटलं आहे की वणवे धरले तर टुंड्रा आता कार्बन साठवणारा न राहता सोडणारा झाला आहे. उत्तरेकडची जंगलं अजून बऱ्याच ठिकाणी शोषतात. मात्र आर्क्टिक आणि उत्तरेकडच्या जंगलांचा सुमारे एक तृतीयांश भाग आजच निव्वळ स्रोत आहे. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांचा हिशोब बहुतेक वेळा वेगवेगळा मांडतात, त्यामुळे कुठलाही नकाशा पाहताना त्यात कोणता वायू आहे ते आधी बघावं.

हा खरोखर «मिथेन बॉम्ब» आहे का?

नाही, आणि हा शब्द वापरणं थांबलं तर बरं होईल. बॉम्ब एका क्षणात फुटतो, किंवा वेळेत निकामी करता येतो. इथे तसं काहीच नाही. ही शेकडो वर्षं चालणारी गळती आहे, आणि तिचा वेग बाहेरच्या तापमानावर ठरतो. बॉम्ब म्हटलं की लोक एकतर हताश होतात, नाहीतर तो फुटला नाही म्हणून निश्चिंत होतात. दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या.

समुद्रतळाखालचा पर्माफ्रॉस्ट आणि मिथेनचे हायड्रेट (बर्फासारख्या घन रूपात अडकलेला मिथेन) यांच्याबद्दलही हीच भीती घातली जाते. हिमयुग संपल्यावर सायबेरियाची किनारपट्टी पाण्याखाली गेली आणि तिथली गोठण तेव्हापासून हजारो वर्षं सुटते आहे. तिथून मिथेन निघतो, पण या शतकात त्याचा मोठा लोंढा येण्याची शक्यता आयपीसीसीने, म्हणजे हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने, अतिशय कमी ठरवली आहे. सायबेरियाच्या यामाल द्वीपकल्पात २०१४ मध्ये दिसलेले खोल, गोल खड्डे गॅसच्या दाबाने जमीन फुटून झाले. दृश्य थरारक असलं तरी एकूण हिशोबात त्यांचा वाटा किरकोळ आहे.

या शतकाअखेर किती कार्बन बाहेर येईल?

आयपीसीसीच्या सहाव्या अहवालाचा अंदाज असा: जागतिक तापमान एक अंशाने वाढलं की त्यामागे २१०० पर्यंत पर्माफ्रॉस्टमधून सुमारे १८ अब्ज टन कार्बन, कार्बन डायऑक्साइडच्या रूपात. पण मर्यादा ३ ते ४१ अब्ज टन इतकी रुंद आहे, यातच सगळं आलं. मिथेन वेगळा. तुलनेसाठी, कोळसा, तेल आणि वायू जाळून माणूस दरवर्षी सुमारे १० अब्ज टन कार्बन हवेत सोडतो. म्हणजे पर्माफ्रॉस्ट आपली जागा घेणार नाही. तो आपल्या पापात भर घालणार, एखाद्या मोठ्या औद्योगिक देशाएवढी.

आणि हा देश कोणाच्याच वहीत नाही. राष्ट्रं आपल्या उत्सर्जनाचा हिशोब देतात तो माणसाच्या व्यवस्थापनाखालच्या जमिनीचा. निर्जन टुंड्रातून निघालेला वायू त्या हिशोबात बसत नाही, पण हवेत मात्र तो मोजला जातोच. मला या सगळ्या विषयात खुपणारी गोष्ट हीच आहे.

हे सगळं मोजतात कसं?

जमिनीवर पारदर्शक डबा उपडा घालून आत वायू किती वेगाने वाढतो ते बघतात. मोठ्या जागेसाठी मनोरे असतात. ते वाऱ्याचे लहान लहान भोवरे आणि त्यांतला वायू सेकंदाला दहा-वीस वेळा टिपतात. वायूतलं कार्बन-१४ तपासून तो यंदाच्या पाल्याचा की हिमयुगातला ते कळतं. जमिनीत भोकं पाडून वर्षानुवर्षं तापमान नोंदवतात. अशा नोंदींनुसार २००७ ते २०१६ या दशकात जगभरच्या पर्माफ्रॉस्टचं तापमान सरासरी सुमारे ०.३ अंशांनी वाढलं.

अडचण ही की अशी केंद्रं थोडी आहेत आणि ती रस्त्याजवळ, गावाजवळ एकवटलेली आहेत. २०२२ नंतर रशियातल्या केंद्रांशी पाश्चात्त्य गटांचा संपर्क बहुतांशी तुटला. सर्वांत जास्त पर्माफ्रॉस्ट ज्या देशात, नेमकी तिथली माहिती जगाला मिळेनाशी झाली.

जुने रोगजंतू बाहेर येतील का?

२०१६ च्या उष्ण उन्हाळ्यात यामालमध्ये अँथ्रॅक्सची साथ आली, दोन हजारांहून जास्त रेनडिअर मेले आणि एका मुलाचा जीव गेला. पूर्वी मेलेल्या जनावरांचे सांगाडे उघडे पडल्याचं कारण दिलं जातं. धोका आहे, पण स्थानिक आहे.

गोठण टिकवण्याचा काही उपाय आहे का?

छोट्या जागेपुरता आहे. इमारती खांबांवर उभारून खालून थंड हवा खेळवतात, रस्त्याखाली उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बसवतात. रशियन शास्त्रज्ञ सेर्गेई झिमोव यांनी १९९६ पासून कोलिमाकाठी चेर्स्कीजवळ प्लायस्टोसीन पार्क चालवलं आहे. तिथे घोडे, बायसन, याक हिवाळ्यात हिम तुडवतात, त्यामुळे हिमाची गोधडी पातळ होते आणि थंडी जमिनीत उतरते. कल्पना मला मनापासून आवडते, आणि कुंपणाच्या आत ती काम करते. पण उत्तर गोलार्धाच्या साऱ्या टुंड्रावर पुरतील एवढी जनावरं आणायची कुठून?

एवढ्या मोठ्या जमिनीवर चालेल असा एकच उपाय आहे, तो म्हणजे तापमानवाढ रोखणं. आर्क्टिक १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे, त्यामुळे बाकी जगात वाचवलेला अर्धा अंश तिथे अर्ध्याहून बराच जास्त भरतो.

तापमान पुन्हा खाली आलं तर कार्बन परत जमिनीत जाईल का?

जमीन पुन्हा गोठेल, पण त्याने कार्बन परत येत नाही. गेलेला बर्फ मातीत पुन्हा तसाच भरला जात नाही, खचलेली जमीन वर येत नाही. खचलेल्या काही तळ्यांत कालांतराने शेवाळं वाढतात, पाणी आटतं, पीट साचायला लागतं आणि खालची माती पुन्हा गोठते. सायबेरियात आणि अलास्कात अशी जुनी तळी सापडतात, आणि त्यांतल्या काहींनी पुढच्या काही हजार वर्षांत सुरुवातीला गमावलेल्याहून जास्त कार्बन साठवला. वेग मात्र पीटचाच, वर्षाला अर्धा ते एक मिलिमीटर. एका उन्हाळ्यात दोन मीटर कडा कोसळला तर तेवढी जाडी भरून यायला दोन ते चार हजार वर्षं लागतात.